सल्ला नेमका कुणाला पाहून दिला? नेतृत्वविषयक वाचनाचा आढावा

"सर, नेतृत्वावरचं एखादं चांगलं पुस्तक सांगा." बढती मिळून महिना-दोन महिने झाले की माणूस हा प्रश्न घेऊन येतो. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला, त्यांच्या रजेच्या अर्जावर आज त्याला सही करायची असते. एकाचं काम सारखं मागे पडतंय हे दिसतं, पण त्याला ते सांगायचं कसं हे सुचत नाही. काम त्याला उत्तम येतं, माणसं सांभाळायला मात्र कुणी शिकवलेलं नसतं. मग त्याला घाईघाईने पाच-सहा नावं सांगितली जातात. मीही अशी नावं अनेकदा सांगितली आहेत. त्यातल्या कुठल्या पुस्तकाचा खरंच उपयोग झाला, हे नंतर विचारायचं बहुतेक वेळा राहून गेलं.

नेतृत्व, टीमवर्क आणि स्वतःची वाढ या तीन विषयांवरची पुस्तकं दुकानात एकाच कप्प्यात मांडलेली असतात. खरं तर ही तीन निराळी शेतं आहेत आणि तिन्हींची माती सारखी नाही. एका ठिकाणी भक्कम अभ्यास आहेत, दुसरीकडे थोर माणसांच्या गोष्टी आहेत, तिसरीकडे छोट्या प्रयोगांवर मोठी आश्वासनं उभी केलेली आहेत. या आढाव्यात मी एक प्रश्न सतत विचारणार आहे: हा सल्ला लेखकाने कुणाला पाहून, कुठे मोजून काढला?

मागची दीडशे वर्षं

१८४५च्या सुमारास लीड्स शहरातल्या काही कामगार तरुणांनी संध्याकाळी एकत्र येऊन शिकायला सुरुवात केली आणि सॅम्युअल स्माइल्स यांना बोलायला बोलावलं. त्या व्याख्यानांतून पुढे १८५९मध्ये 'सेल्फ-हेल्प' हे पुस्तक आलं. यंत्रं घडवणारे, शोध लावणारे, गरिबीतून वर आलेले लोक ही त्यातली उदाहरणं. चिकाटी धरली तर कुणालाही वर येता येतं हा त्याचा गाभा, आणि आजच्या बहुतेक व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांचाही तोच आहे.

फ्रेडरिक टेलर यांची वाट अगदी वेगळी होती. बेथलहेमच्या पोलाद कारखान्यात त्यांनी स्टॉपवॉच घेऊन कामाचे तुकडे मोजले. एक मजूर दिवसाला साडेबारा टन लोखंड उचलायचा, ते साडेसत्तेचाळीस टनांवर नेता येतं असा त्यांचा दावा होता. १९११च्या 'द प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट'मध्ये विचार करायचा तो वरच्याने आणि खालच्याने ते नेमकं अमलात आणायचं, अशी विभागणी आहे. पुढची बरीच पुस्तकं या विभागणीशी भांडतात.

पहिला धक्का शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातून बसला. तिथे १९२४ ते १९३२ या काळात प्रयोग चालले. दिव्यांचा प्रकाश, विश्रांतीची वेळ अशा गोष्टी बदलून उत्पादन किती बदलतं ते बघायचं होतं. कामगारांकडे कुणी लक्ष देतंय, त्यांचा आपसात गट जमलाय, याचाही कामावर परिणाम होतो, असा अर्थ एल्टन मेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला. त्या निष्कर्षांवर नंतर पुष्कळ वाद झाले, पण कारखान्यात माणूस असतो ही गोष्ट पुन्हा कुणाला नजरेआड करता आली नाही. त्याच काळात मेरी पार्कर फॉलेट लिहीत होत्या. दुसऱ्यावर गाजवायची सत्ता आणि दुसऱ्याबरोबर मिळून उभी राहणारी सत्ता हा त्यांनी केलेला फरक मला आजही या सगळ्या साहित्यातला फार मोलाचा विचार वाटतो. त्यांचं नाव मात्र याद्यांत क्वचितच दिसतं.

१९३६मध्ये डेल कार्नेगी यांचं माणसं जिंकण्याविषयीचं पुस्तक आलं. ते १९१२पासून न्यूयॉर्कच्या वायएमसीएत प्रौढांना भाषणकला शिकवत होते, त्यामुळे त्यांच्या पुस्तकातले विक्रेते आणि कारकून हे त्यांचे खरेखुरे विद्यार्थी होते. पुढे पीटर ड्रकर आले. १९५४चं 'द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट' आणि १९६७चं 'द इफेक्टिव्ह एक्झिक्युटिव्ह' यांनी व्यवस्थापन हा शिकता येण्याजोगा व्यवसाय ठरवला. दुसऱ्या पुस्तकात ड्रकर थोर नेत्याचं वर्णन करत बसत नाहीत. आधी आपला वेळ कुठे जातो ते लिहून काढा, असं ते सांगतात. नव्याने टीम लीड झालेल्या माणसाला एकच पुस्तक सांगायचं असेल तर मी आजही हेच सांगेन.

नेता किती महत्त्वाचा?

इथे दोन बाजू आहेत आणि दोन्हींकडे वजनदार लोक आहेत.

पहिली बाजू म्हणते, सगळं नेत्यावर आहे. जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी १९७८च्या 'लीडरशिप'मध्ये देवघेवीचं नेतृत्व आणि माणसांना आतून बदलणारं नेतृत्व असा भेद केला. एटी अँड टी कंपनीत उभी कारकीर्द काढलेले रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७०च्या निबंधात नेता हा आधी सेवक असतो असं मांडलं. हेर्मान हेस यांच्या कादंबरीतल्या एका नोकराच्या पात्रावरून त्यांना ही कल्पना सुचली होती. जिम कॉलिन्स यांचं २००१चं 'गुड टू ग्रेट' याच परंपरेत येतं. त्यांच्या गटाने १,४३५ कंपन्यांची यादी घेतली, चाळत चाळत ११ निवडल्या आणि त्यांच्यात समान काय आहे ते शोधलं. सापडला तो नम्र पण कमालीचा जिद्दी प्रमुख. मोठ्याने बोलणारा साहेबच खरा नेता, या समजाला या पुस्तकाने दिलेला छेद मला महत्त्वाचा वाटतो.

दुसरी बाजू विचारते, हे मोजलं कसं? १९७२मध्ये लीबरसन आणि ओ'कॉनर यांनी १६७ कंपन्यांची वीस वर्षांची आकडेवारी तपासली. प्रमुख बदलल्याने नफ्यात पडणारा फरक त्यांना फार मोठा दिसला नाही. उद्योग कुठला आणि कंपनी कुठली यांचा वाटा जास्त होता. १९८५मध्ये जेम्स माइंडल आणि सहकाऱ्यांनी सांगितलं की निकाल फार चांगला किंवा फार वाईट आला की आपण त्याचं कारण नेत्यात शोधतो. आपल्या मनाला तशी ओढच असते. फिल रोझेनझ्वाइग यांच्या २००७च्या 'द हेलो इफेक्ट'ने हा मुद्दा थेट पुस्तकांना लावला. कंपनी नफ्यात असताना तिथल्या माणसांना प्रमुखाबद्दल विचारलं की तो द्रष्टा ठरतो. तोट्यात असताना त्याच माणसाला हट्टी म्हणतात. मग यशस्वी कंपन्यांच्या मुलाखतींतून काढलेले गुण हे यशाचं कारण की यशाची सावली?

काळानेही या शंकेला काही आधार दिला. कॉलिन्स यांच्या ११ कंपन्यांपैकी सर्किट सिटीने २००८मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि फॅनी मे त्याच वर्षी सरकारी ताब्यात गेली. अर्थात, कॉलिन्स यांनी कुठल्याही कंपनीला अमरपट्टा दिला नव्हता, आणि आकडेवारीच्या अभ्यासांनाही मर्यादा आहेत. प्रमुखाचा नफ्यावरचा परिणाम मोजता येतो. त्याच्यामुळे एखाद्या विभागातल्या माणसाची रोजची झोप उडते की नाही, हे त्या ताळेबंदात येत नाही. आपल्या वाचकाचा प्रश्न बहुधा हा दुसराच असतो.

म्हणूनच या दोन बाजूंच्या मधलं एक पुस्तक मला जास्त कामाचं वाटतं. इंटेलचे अँडी ग्रोव्ह यांचं १९८३चं 'हाय आउटपुट मॅनेजमेंट' न्याहारी बनवण्याच्या उदाहरणापासून सुरू होतं: अंडं, टोस्ट आणि कॉफी एकाच वेळी गरम कशी पोचवायची? मॅनेजरचं उत्पादन म्हणजे त्याच्या माणसांचं उत्पादन, एवढ्या एका सूत्रावरून ग्रोव्ह मीटिंगपासून अप्रेझलपर्यंत सगळं उलगडतात. नेत्याच्या थोरवीचा प्रश्नच ते काढत नाहीत.

टीम कशी जमते

टीमवर्क हा तिन्हींतला सगळ्यात भक्कम भाग. तिथेही उगम तपासायला हवा. ट्रेनिंगमध्ये हमखास शिकवलं जाणारं ब्रूस टकमन यांचं चार पायऱ्यांचं चित्र १९६५चं आहे: गट जमतो, भांडतो, रीतीभाती ठरवतो आणि मग काम करतो. टकमन यांनी ते आधी छापून आलेल्या अभ्यासांवरून तयार केलं होतं, आणि त्यातले बरेच अभ्यास मानसोपचारासाठी जमलेल्या गटांचे होते. चाकणच्या कारखान्यातली तीन पाळ्यांत विभागलेली टीम त्याच पायऱ्या चढेल असं धरून चालणं धाडसाचं आहे.

रिचर्ड हॅकमन यांनी वाद्यवृंद, विमानांतले कर्मचारी असे प्रत्यक्ष काम करणारे गट पाहिले. २००२च्या 'लीडिंग टीम्स'मध्ये ते सांगतात की टीम चालते ती नेत्याच्या रोजच्या प्रेरणादायी भाषणांमुळे नाही. टीममध्ये कोण आहे हे स्पष्ट असावं, दिशा ठरलेली असावी, कामाची रचना नीट असावी आणि वरून पाठबळ असावं. या गोष्टी सुरुवातीलाच लावून दिल्या की टीम पुष्कळसं काम आपलं आपण करते. हे वाचायला रुक्ष आहे. भाषण देणं रचना बदलण्यापेक्षा सोपं असतं, त्यामुळे हा सल्ला कमी पाळला जात असावा.

या क्षेत्रातला सगळ्यात बोलका शोध एमी एडमंडसन यांचा. १९९०च्या दशकात त्या रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या टीमकडून कमी चुका होतील अशी त्यांची अपेक्षा. आकडे आले ते उलटे: ज्या वॉर्डात टीम चांगली, तिथे नोंदवलेल्या चुका जास्त. कारण शोधता शोधता लक्षात आलं की चांगल्या टीममध्ये चुका जास्त होत नव्हत्या, त्या सांगितल्या जात होत्या. बाकीच्या ठिकाणी त्या दडवल्या जात होत्या. १९९९मध्ये एका उत्पादक कंपनीतल्या ५१ गटांच्या अभ्यासातून त्यांनी मानसिक सुरक्षितता ही कल्पना पक्की केली: इथे प्रश्न विचारला, चूक कबूल केली, तर आपला अपमान होणार नाही हा गटातल्या सगळ्यांचा विश्वास. नंतर गूगलने आपल्या सुमारे १८० टीम तपासल्या, तेव्हाही याच गोष्टीला पहिलं स्थान मिळालं. २०१८चं 'द फिअरलेस ऑर्गनायझेशन' हे एडमंडसन यांचं सर्वसामान्य वाचकांसाठीचं पुस्तक.

या कल्पनेचा सोपा अर्थ लावून 'कुणाला वाईट वाटेल असं बोलू नका' अशी समजूत काही ठिकाणी पसरली आहे. एडमंडसन यांना ती अजिबात अभिप्रेत नाही. अपेक्षा उंच हव्यात आणि बोलण्याची भीती नको, या दोन्ही गोष्टी त्यांना एकत्र हव्या आहेत.

अब्दुल कलाम यांनी अनेक भाषणांतून सांगितलेली एक आठवण इथे चपखल बसते. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ या उपग्रह प्रक्षेपकाचं पहिलं उड्डाण फसलं. प्रकल्पप्रमुख कलाम होते, पण पत्रकारांसमोर इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सतीश धवन गेले आणि अपयश त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतलं. १८ जुलै १९८०ला उड्डाण यशस्वी झालं तेव्हा त्यांनी कलामांना पुढे पाठवलं.

पॅट्रिक लेन्सिओनी यांचं २००२चं 'द फाइव्ह डिसफंक्शन्स ऑफ अ टीम' याच विषयावरचं लोकप्रिय पुस्तक. ते एका काल्पनिक कंपनीची गोष्ट सांगतं. विश्वास नसला की वाद होत नाहीत, वाद झाले नाहीत की निर्णय कुणाला आपला वाटत नाही, अशी त्याची साखळी आहे. तो सल्लागाराचा अनुभव आहे, मोजमाप नाही. तरी एका बैठकीत संपणारं आणि टीमने मिळून वाचायला सोपं म्हणून मी ते सुचवतो.

टीमवर शिकायचं तर मुंबईपासून फार लांब जायला नको. डबेवाल्यांच्या पद्धतीवर हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१०मध्ये केस लिहिली. तेव्हा सुमारे पाच हजार माणसं होती, बरीचशी मावळ-जुन्नरकडची, लहान लहान गटांत विभागलेली. गट आपला कारभार आपण बघतो. अनुभवी मुकादम देखरेख करतो, वाद मिटवतो, आणि कुणी आजारी पडला तर भरून काढायला जादा माणसं गटातच असतात. हॅकमन यांनी सांगितलेल्या अटी इथे हॅकमन न वाचता पाळल्या गेल्या आहेत. गिरगावात १९५९मध्ये ८० रुपये उसने घेऊन सात बायकांनी सुरू केलेलं लिज्जतही असंच. तिथे काम करणारी प्रत्येक भगिनी मालकीण आहे. दोन्हींमध्ये मिळकतीचा वाटा आणि कामाचा वाटा एकमेकांपासून तोडलेले नाहीत. पगारी नोकरीत ही गोष्ट उतरवता येईल का, याचं उत्तर अजून कुणी नीट दिलेलं नाही.

स्वतःची वाढ

विक्री सर्वाधिक इथे होते आणि उगमाची गफलतही सर्वाधिक इथेच आहे. सवय लागायला २१ दिवस लागतात हे आपण कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. हा आकडा पसरला तो मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकावरून. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला निदान २१ दिवस लागतात, एवढंच त्यांचं निरीक्षण होतं. पुढे लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर सवयींचा अभ्यास केला. सरासरी ६६ दिवस निघाली, पण माणसागणिक फरक १८ ते २५४ दिवसांचा. महिन्याभरात पहाटे उठायची सवय लागली नाही म्हणून स्वतःला बोल लावणाऱ्याने हे आकडे जरूर लक्षात ठेवावेत.

स्टीफन कोव्ही यांचं १९८९चं सात सवयींचं पुस्तक चारित्र्यावर भर देतं. आधीच्या पन्नास वर्षांत वरवरच्या युक्त्यांना महत्त्व आलं, अशी त्यांची तक्रार होती. कॅरल ड्वेक यांच्या २००६च्या 'माइंडसेट'ने बुद्धी वाढवता येते या विश्वासाची ताकद दाखवली. २०१८मध्ये सगळे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा सरासरी परिणाम क्षीण निघाला. २०१९च्या अमेरिकेतल्या १२ हजारांहून अधिक शाळकरी मुलांच्या मोठ्या प्रयोगात मागे पडलेल्या मुलांना लहानसा पण खरा फायदा दिसला. दोन्ही निकाल एकमेकांना खोडत नाहीत. कल्पनेत तथ्य आहे, पण तिच्या नावाने केलेला गाजावाजा त्याहून फार मोठा आहे. शिवाय हे प्रयोग प्रामुख्याने विद्यार्थ्यांवर झाले. पस्तिशीतल्या सुपरवायझरला त्यातलं किती लागू पडतं हे वेगळं तपासावं लागेल.

या सगळ्या परंपरेवर एक गंभीर आक्षेप आहे. बार्बरा एरनराइक यांनी २००९मध्ये सकारात्मक विचारांच्या लाटेवर टीका केली. कामाची परिस्थिती बिघडलेली असताना माणसाला स्वतःचं मन सुधारायला सांगणं म्हणजे दोष त्याच्याच माथी मारणं, हा त्यांचा मुद्दा. शेरिल सँडबर्ग यांच्या २०१३च्या 'लीन इन'वरही हाच वाद झाला. सँडबर्ग यांच्या मते बायकांनी स्वतः पुढे सरायला हवं. टीकाकारांनी विचारलं, जिला पाळणाघर नाही, पगार कमी, तिने सरायचं कुठे? रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९मध्येच दाखवलं होतं की कामाचा बोजा मोठा आणि निर्णयाचा अधिकार थोडा असला की ताण सर्वाधिक होतो. कंत्राटी कामगाराच्या हातात वाढीचं पुस्तक देताना आपण या दोन गोष्टी विसरतो.

तरीही मनावर काम करणं व्यर्थ नाही. मराठीत त्यासाठी एक भरवशाची वाट आहे, जी कॉर्पोरेट याद्यांत दिसत नाही. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांत रुजवली. डॉ. अंजली जोशी यांचं 'मी अल्बर्ट एलिस' आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांचं 'स्वभाव-विभाव' वाचनीय आहेत. 'साहेबांनी मला मान दिलाच पाहिजे' या हट्टाचं 'दिला तर बरं वाटेल' या इच्छेत रूपांतर कसं करायचं, हे एलिस शिकवतात. हा विचार ज्या उपचारपरंपरेचा भाग आहे ती पुष्कळ कसून तपासली गेली आहे. अप्रेझलच्या दिवसांत मला या वाटेइतकं उपयोगी काहीच वाटलं नाही.

आपल्याकडचा साहेब

वरची जवळजवळ सगळी पुस्तकं अमेरिकी. ती इथे चालतात का? हीर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांची उत्तरं तपासली आणि १९८०मध्ये देशांची तुलना मांडली. वरच्याचा अधिकार निमूट मान्य करण्याच्या मापावर भारताला ७७ आणि अमेरिकेला ४० गुण होते. एकाच कंपनीतल्या लोकांवरून अख्ख्या देशाचा स्वभाव ठरवता येतो का, ही टीका तेव्हापासून आहे. तरी आकड्यांमागची गोष्ट इथल्या ऑफिसात बसलेल्याला ओळखीची वाटते.

त्याच वर्षी जयबल्लभ प्रसाद सिन्हा यांचं 'द नर्चरंट टास्क लीडर' आलं. भारतीय माणूस वरिष्ठाकडून जिव्हाळा अपेक्षित धरतो, तेव्हा वरिष्ठाने जिव्हाळा द्यावा पण तो कामाशी बांधलेला असावा, आणि माणूस तयार होत गेला की हळूहळू अधिकार त्याच्याकडे सोपवावा, असं सिन्हा मांडतात. टीकाकारांना यात मायबाप साहेबाचं समर्थन दिसतं. समर्थक म्हणतात, माणूस जिथे उभा आहे तिथूनच त्याला पुढे न्यावं लागतं. आजच्या पंचविशीतल्या इंजिनियरला ही मांडणी लागू आहे का, हा प्रश्न खुला आहे.

शिवकालावरून व्यवस्थापनाचे धडे सांगणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. मला मूळ ग्रंथ वाचणं जास्त फलदायी वाटतं. रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातलं. आरमारासाठी लाकूड हवं असलं तरी रयतेची आंब्या-फणसाची झाडं तिच्या राजीखुशीशिवाय तोडू नयेत, हा त्यातला विचार अधिकाराची मर्यादा ज्या स्पष्टतेने सांगतो, ती नव्या पुस्तकांत दुर्मीळ आहे. दासबोधाच्या अकराव्या दशकात महंताने आपल्यासारखे आणखी महंत घडवावेत ही अपेक्षा येते. मात्र दोन्ही ग्रंथ राज्याच्या आणि संप्रदायाच्या कामासाठी लिहिलेले आहेत. त्यांतून थेट एचआरचं धोरण काढू नये.

आत्मचरित्रांचं दालन मराठीत समृद्ध आहे. विठ्ठल कामत यांचं 'इडली, ऑर्किड आणि मी', शहाद्याच्या आदिवासी चळवळीपासून सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मोठ्या पदांपर्यंत जाणारं अच्युत गोडबोले यांचं 'मुसाफिर', कलामांचं 'अग्निपंख' ही पुस्तकं तरुण आवडीने वाचतात आणि वाचावीतच. त्यांतून धीर मिळतो. पण स्माइल्सपासून चालत आलेली अडचण इथेही आहे: आत्मचरित्र शिखरावर पोचलेला लिहितो. तितकीच मेहनत करून मध्येच थांबावं लागलेल्याचं पुस्तक निघत नाही.

उरलेले प्रश्न

टीमबद्दल आपल्याला बरंच कळलं आहे, नेत्याबद्दल त्याहून कमी, स्वतःच्या वाढीबद्दल थोडं आणि तेही माफक शब्दांत. पुस्तक वाचून माणसाचं वागणं टिकाऊ बदलतं का, यावर एकमत नाही. घरून काम करणाऱ्या टीममध्ये सुरक्षिततेची भावना कशी रुजते, याचा अभ्यास अजून कोवळा आहे. आणि सगळ्यात मोठी पोकळी मधल्या माणसाची आहे. पोलाद कारखान्यातला मजूर मोजला गेला, वॉर्डातल्या परिचारिकेला विचारलं गेलं, कंपनीच्या प्रमुखाच्या मुलाखती झाल्या. एमआयडीसीतल्या फोरमनने, शाळेच्या मुख्याध्यापिकेने, दूधसंघाच्या सचिवाने, आशा सेविकांच्या गटप्रवर्तिकेने आपण माणसं कशी सांभाळली आणि कुठे चुकलो, हे मराठीत फारसं लिहिलेलं नाही.

१९२०मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं ते एका कारखान्याचं गृहपत्र म्हणून. त्यातून पुढे 'किर्लोस्कर' हे मराठीतलं मोठं मासिक उभं राहिलं. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षं दहा माणसांची टोळी चालवली आहे, त्यांनी एखादी वही घ्यावी आणि फसलेल्या एका प्रसंगापासून लिहायला सुरुवात करावी. पुढच्या वेळी कुणी मला पुस्तक सुचवायला सांगितलं, तर ती वही मला यादीत पहिली घालायची आहे.